वहीच्या मागच्या पानांवरचे प्रश्न

ख्रिस्ती कुटुंबांतील तरुण मुले-मुली समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिल्या भेटीत ती सहसा झोपेविषयी, अभ्यासाविषयी किंवा चिडचिडीविषयी बोलतात, आणि मनातली गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बहुधा निघायची वेळ झाल्यावर बाहेर येते. "मला प्रश्न पडतात. म्हणजे माझा विश्वास खोटाच होता का?" ही विचारणा मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. त्यांच्यापैकी एका तरुणाची हकीकत त्याच्या परवानगीने येथे सांगते. त्याची ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत.

तो एकोणीस वर्षांचा होता आणि भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. तो संडे स्कूलपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढला होता, त्याचे दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) झाले होते आणि रविवारच्या उपासनेत तो गिटार वाजवत असे. गेल्या चार महिन्यांपासून त्याने गिटारला हात लावला नव्हता आणि रात्री दोन-तीन वाजेपर्यंत तो जागा राहत होता. भेटीची वेळ ठरवताना त्याच्या आईने फोनवर एवढेच सांगितले, "मॅडम, आकाश बघायच्या नादात पोरगा देवाला विसरत चाललाय." त्याच सुमारास तरुण संघातील कोणीतरी त्याला सांगितले होते, की मनाला संशय शिवू देणे हेच मुळात पाप आहे. त्यामुळे आपली आवड आणि आपले प्रश्न ही एकाच गुन्ह्याची दोन अंगे आहेत, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

तिसऱ्या भेटीत त्याने पिशवीतून एक जाड वही काढली. पुढच्या बाजूने ती आकाशनिरीक्षणाची वही होती. चंद्रावरच्या विवरांची पेन्सिलीने काढलेली चित्रे होती आणि ययाती तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्याच्या नोंदी होत्या. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी या ताऱ्याचा मंद जोडीदार त्याच्यासमोर येतो आणि काही तास त्याचे तेज उतरते. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून त्याने ते उतरणे तारीख-वेळ घालून टिपले होते. मग त्याने वही उलटी केली. मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत, क्रमांक घालून सत्तावीस प्रश्न लिहिलेले होते. त्यांतले काही इतके जोर लावून खोडले होते, की तिथला कागद फाटला होता. ती फाटलेली जागा मी पुष्कळ वेळ पाहत राहिले, कारण मला त्या प्रश्नांपेक्षा त्या खोडण्याची अधिक काळजी वाटली.

अशा वेळी समुपदेशकाने एक गोष्ट आधी तपासली पाहिजे. ओसीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रचळेपणाच्या विकाराचा एक प्रकार धर्माभोवती घोटाळतो. मनात नकोसा विचार येतो, त्यासाठी क्षमा मागितली जाते, ती नीट मागितली गेली नाही असे वाटून पुन्हा मागितली जाते, आणि यातच तास जातात. अशा व्यक्तीला श्रद्धेविषयीचे दिलासे कितीही दिले तरी पुरत नाहीत, उलट दिलासा मिळवणे हाच त्या चक्राचा एक भाग होऊन बसतो. तिला मानसोपचाराची आणि काही वेळा औषधांचीही गरज असते, आणि योग्य उपचारांनी हा त्रास बराच आटोक्यात येतो. प्रश्न पडल्याबद्दलची या तरुणाची क्षमायाचना पाच मिनिटांत संपत होती आणि तिच्यात पुनरावृत्तीची सक्ती नव्हती. त्याला विकार नव्हता, तो एकटा पडला होता.

मी त्याला ते प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितले. सुरुवातीला त्याचा आवाज उठेना. प्रत्येक प्रश्नानंतर मी एवढेच विचारत होते, "याचे उत्तर उद्या मिळाले, तर तुझ्या आयुष्यात काय बदलेल?" या एका विचारण्यानेच प्रश्न आपापल्या जागी जाऊ लागले. काहींना वाचन हवे होते, काहींना जाणत्या माणसाशी बोलणे हवे होते, आणि काहींचे उत्तर मिळाले काय किंवा न मिळाले काय, त्याला फारसा फरक पडणार नव्हता.

वाचनाने सुटण्याजोग्या प्रश्नांत सर्वांत वर देवयानी दीर्घिका होती. तिचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, मग सृष्टीच्या निर्मितीचे वर्णन करणाऱ्या, बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे काय करायचे, असा त्याचा प्रश्न होता. सृष्टी साधारण सहा हजार वर्षांची आहे, असे त्याने लहानपणी ऐकले होते. पवित्र शास्त्रात असा आकडा कुठेही लिहिलेला नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळींचा हिशेब करून इ. स. पू. ४००४ हे वर्ष काढले आणि १६५० मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्या बाराशेहून अधिक वर्षे आधी संत ऑगस्टीन यांनी बजावून ठेवले होते, की आकाशातील ताऱ्यांविषयी विश्वास न ठेवणाऱ्यांनाही जे अभ्यासाने ठाऊक असते, त्याविषयी ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा हवाला देऊन अज्ञानाचे बोल बोलू नयेत. आणि विश्व प्रसरण पावते आहे, हे १९२७ मध्ये गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या नव्या विज्ञानाला निर्मितीच्या श्रद्धेचा दुजोरा असल्यासारखे मांडले, तेव्हा लमेत्र यांनाच ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून वेगळा राहिला पाहिजे, असे त्यांचे मत होते. मी पवित्र शास्त्राचा वर्ग घेत नाही, आणि ही माहितीही त्याला पटवून देण्यासाठी सांगितली नाही. आपण ज्या वाटेवर एकटेच आहोत असे त्याला वाटत होते, तिच्यावर श्रद्धावान माणसांची पावले फार पूर्वीपासून उमटलेली आहेत, एवढे त्याला दिसावे, असे मला वाटले.

तो थोडा सैलावला, पण झोप सुधारली नाही. माझ्या अनुभवात असे झाले, की एखादा प्रश्न आपण ओलांडून पुढे गेलो आहोत असे समजावे. आम्ही वही पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि चौदाव्या प्रश्नापाशी तो अडखळला. तेथे लिहिले होते, "आजीसाठी आम्ही अकरा महिने प्रार्थना केली. मग?"

एवढेच. पुढे काहीच नव्हते. मी तारखा विचारल्या, तेव्हा लक्षात आले, की वहीची मागची पाने आजीच्या मृत्यूनंतरच्या आठवड्यात सुरू झाली होती. आकाश तो दहावीपासून पाहत होता, आणि पहिली दुर्बीण आजीनेच घेऊन दिली होती. अंत्यविधीच्या उपासनेत त्याला गिटार वाजवायला सांगितले गेले, त्याने ती वाजवली, आणि त्यानंतर कधीच वाजवली नाही. भेटायला आलेल्यांनी "देवाची इच्छा" असे म्हटले, ते मनापासूनच म्हटले, पण तिथेच त्याचे बोलणे बंद झाले. घरातले सगळे ज्या आवडीला दोष देत होते, तिचा या दुराव्याशी काही संबंध नव्हता. उलट त्या चार महिन्यांत आजीशी असलेला त्याचा एकमेव धागा रात्रीच्या त्या दुर्बिणीतच उरला होता.

त्या दिवशी मी फार बोलले नाही. बायबलमध्ये ईयोब या निर्दोष माणसावर संकटे कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते. त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली तेव्हाच ते चुकू लागले, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. हे प्रकरण मला समुपदेशनाच्या कोणत्याही पाठाइतकेच शिकवून गेले आहे. पुढच्या भेटीत मी त्याला स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र वाचायला दिले. इतर बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे आशेचा सूर धरतात, हे स्तोत्र मात्र काळोखापाशीच थांबते. त्याने ते दोनदा वाचले आणि विचारले, "हे असे लिहिलेले शास्त्रात ठेवले?" मी म्हटले, "ठेवले, आणि उपासनेत म्हणण्यासाठी ठेवले." मग तो रडला. आजीसाठी तो पहिल्यांदाच रडत होता.

प्रश्न पडणे हे पाप आहे का, याचा निर्णय देणे माझ्या अधिकारात नाही. परंतु येशू पुन्हा उठला हे स्वतः पाहिल्याशिवाय न मानणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट त्याला लहानपणापासून पाठ होती आणि तिच्यातील एक तपशील त्याने कधी पाहिला नव्हता. थोमाने "मी विश्वास ठेवणारच नाही" असे म्हटल्यानंतरही आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच शिष्यांबरोबर होता. कोणी त्याला बाहेर काढले नव्हते आणि तोही निघून गेला नव्हता. आपले प्रश्न घेऊन मंडळीत बसता येते, ही शक्यताच त्याने धरली नव्हती. त्याच्या संमतीने मी पाळकसाहेबांशी त्याची गाठ घालून दिली. चौदावा प्रश्न वाचून ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "याचे उत्तर माझ्यापाशी नाही रे." तो मला नंतर म्हणाला, की मंडळीतल्या कोणाचे इतके खरे बोलणे त्याने त्यापूर्वी ऐकले नव्हते.

आई-वडिलांशी झालेले बोलणे अधिक अवघड होते. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीविषयी जी मांडणी केली, तिच्यात घरून मिळालेली ओळख न तपासता धरून ठेवणे आणि धुंडाळण्याच्या काळातून जाऊन ती आपलीशी करणे, या दोन वेगळ्या अवस्था आहेत. हा मधला काळ घरच्यांना घसरण वाटतो. आईला मी सांगितले, की त्याच्या आवडीला श्रद्धेच्या विरुद्ध उभे करू नका, कारण तसे केले तर एक दिवस तो खरोखरच एकाची निवड करील. त्याला चारचौघांत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला लावू नका, आणि आजीविषयी घरात बोला. "पण तो परत येईल ना?" असे त्यांनी विचारले. ते वचन मला देता येत नव्हते आणि मी दिले नाही. माणूस विश्वासाकडे ओढणे किंवा विश्वासापासून सोडवणे, यांपैकी कोणतेही काम घेऊन मी तिथे बसत नाही, हेही सांगितले. त्या दुखावल्या, आणि त्यांचे दुःख मला कळत होते.

शेवटच्या भेटीत त्याने सांगितले, की झोप बरीच सुधारली आहे, पण गिटार अजून भिंतीलाच टेकलेली आहे. आदल्या आठवड्यात वडील न बोलावता गच्चीवर आले होते आणि "तुझी ती देवयानी दाखव" असे म्हणाले होते. वडिलांना दुर्बिणीतून काहीच दिसेना. त्याने त्यांना सांगितले, की अंधूक वस्तू सरळ रोखून पाहिली तर हरवते, नजर किंचित बाजूला ठेवावी, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यबिंदूच्या कडेने अधिक असतात. तिसऱ्या खेपेला त्यांना पुसट पांढुरका ठिपका दिसला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तुझ्या आजीने पाहिली होती का ही?" त्याने हो म्हटले, आणि दोघे खाली न जाता तिथेच बसून राहिले.