नफा न घेणाऱ्या गृहनिर्माण संस्थांमुळे सामान्य माणसाला खरंच परवडणारं घर मिळतं का? नाशिकमध्ये जमेल का?

मिळतं. मी तशाच घरात वाढलोय. पण ते घर पुढच्या माणसाला परवडणारं राहत नाही, आणि त्याला बिल्डर नाही, आम्ही सभासद जबाबदार आहोत.

माझे वडील, अण्णा, सातपूर एमआयडीसीत टर्नर होते. १९८४ साली त्यांच्या कारखान्यातल्या २२ जणांनी संस्था नोंदवली. हल्ली सोसायटी म्हणजे बिल्डर नफा घेऊन गेल्यावर लिफ्टचं बिल वाटून घेणारी मंडळी. यांची तशी नव्हती. जमीन यांनीच घेतली, बिनशेती करायला दोन वर्षं घातली. अण्णा चिटणीस. पहिली पाळी सुटली की सायकल थेट सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कचेरीकडे. ठेकेदार नेमलाच नाही. गवंडी रोजावर, सिमेंट-सळई संस्थेच्या नावाने, रविवारी सभासद स्वतः विटा वाहायचे. शाळेतून आलो की भिंतींना पाणी मारायचं काम आम्हा पोरांचं. पावती न् पावती अण्णांच्या वहीत. १९८७ साली घर ५२ हजारांत पडलं. त्याच भागात तेवढंच घर बिल्डर ८५ हजारांना देत होता.

१९९५ च्या वार्षिक सभेत अण्णांनी ठराव मांडला: ज्याला सोडून जायचंय त्याने घर संस्थेलाच द्यावं, मूळ खर्च, डागडुजी आणि बँकेइतकं व्याज घ्यावं, संस्था ते पुढच्या कामगाराला देईल. बाजूने चारच हात वर झाले. माझे सख्खे काका, तेही सभासद, उठून म्हणाले, "घर माझं, भाव माझा." अण्णांनी वही नव्या चिटणीसाच्या हातात दिली आणि पुन्हा कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

२००७ साली काकांनी बाजारभावाने घर विकलं. एका डॉक्टरांनी घेतलं. संस्थेला हस्तांतराचे २५ हजार मिळाले. महापालिका हद्दीत त्याहून जास्त घेता येत नाही, शासनाचीच मर्यादा आहे. त्यात दुसरं घर कुठून उभं राहणार? आज त्याच कारखान्यातली कंत्राटी पोरं श्रमिकनगरला एका खोलीत चौघं राहतात. काका अजून दर दिवाळीला म्हणतात, तुझे अण्णा भोळे. काका, भोळे नव्हते ते. रस्ता झाला, महापालिकेचं पाणी आलं, शहर आपल्या दारापर्यंत आलं, म्हणून भाव वाढला. त्यात तुमचे कष्ट किती होते?

नेदरलँड्समध्ये १९०१ च्या गृहनिर्माण कायद्यापासून अशा संस्था घरं बांधून भाड्याने देतात. मालकी संस्थेकडेच राहते, शिल्लक पुन्हा घरांतच जाते. आपल्याकडे आमच्यासारख्या भाडेकरू-मालकी संस्थेत जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं. पहिली पिढी तरते, तिथेच संपतं.

नाशिकचं म्हणाल, तर आजच्या भावात कामगारांना जमीन घेणं शक्य नाही. सिडको या सरकारी महामंडळाने घरांच्या सहा योजना उभ्या केल्या, कारण जमीन आधी सरकारने संपादन केली होती. तशी जमीन भाडेपट्ट्याने संस्थांना मिळाली तरच जमेल.

हेही सांगायला हवं की ५२ हजारांत अण्णांची फुकटची धावपळ आणि रविवारची मजुरी धरलेली नाही. आणि ठरावाच्या विरोधात हात वर करणाऱ्यांत एकाच्या घरात मोठं आजारपण होतं, त्याला मी दोष देत नाही. हिशेब उघडा नसेल तर जमिनीच्या नावाखाली पैसे खाणारेही संस्थाच काढतात.

तुम्ही माणसं जमवत असाल तर जमीन बघण्याआधी विक्रीचा नियम ठरवा आणि नोंदणीच्या वेळीच उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, घालून उपनिबंधकांकडून मंजूर करून घ्या. आम्ही तो राहायला आल्यावर आठ वर्षांनी मांडला.