रोज दारू पिणाऱ्याचा चेहरा सुजतो, लाल होतो तो कशामुळे? सोडल्यावर पूर्ववत होतो का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ ३८ वर्षांचा आहे, काही वर्षांपासून रोज पितो, सकाळी तोंड सुजलेलं असतं, गालांवर आणि नाकाच्या कडेला बारीक लाल रेषांचं जाळं दिसायला लागलंय आणि त्यासाठी एखादी चांगली क्रीम हवी आहे. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, तेव्हा क्रीमचं आधी सांगून टाकते: या सुजेवर क्रीम नाही. माझ्याकडे असे पेशंट खाज, कोरडेपणा, काळपटपणा अशी तक्रार घेऊन येतात आणि बऱ्याचदा मलमाऐवजी रक्त तपासणीची चिठ्ठी घेऊन जातात. थोडे नाराजही होतात.

सकाळची सूज समजायला सोपी आहे. मूत्रपिंडांना 'पाणी धरून ठेवा' असं सांगणारं व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक असतं. दारू ते दाबून टाकते, म्हणून पिताना सारखं लघवीला जावं लागतं आणि घसा, ओठ कोरडे पडतात. दारू उतरायला लागली की ते संप्रेरक परत वाढतं आणि शरीर पाणी साठवायला लागतं. त्यात सोबतीला खारट खाणं, अर्धवट झोप आणि आडवं पडून काढलेली रात्र. पापण्यांची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते, त्यामुळे साठलेलं पाणी आधी तिथे दिसतं.

लालीचं गणित जरा वेगळं. दारूने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, शिवाय दारूचं विघटन होताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड त्यात भर घालतं. कधीतरी घेतली तर त्या परत आकसतात. वर्षानुवर्षं रोज ताण पडला की जुन्या इलॅस्टिकसारख्या सैल पडतात आणि तशाच राहतात. भावाच्या गालावरचं जाळं बहुधा यातलंच, पण ऊन, वय आणि रोझेशिया नावाचा त्वचाविकार यांनीही असंच दिसतं, म्हणून न बघता खात्रीने सांगणार नाही. काही जणांचा चेहरा मात्र दोन घोटांतच लालबुंद होतो. त्यांच्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं. जपान, चीन, कोरियात हे खूप आढळतं. लोक यावर हसतात, पण अशा व्यक्तीने पिणं चालू ठेवलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतर पिणाऱ्यांपेक्षा जास्त असतो.

आता नाकाबद्दल. फुगलेलं, खडबडीत लाल नाक दिसलं की लोक 'बेवडा' म्हणून मोकळे होतात. ते नाक बहुतेक वेळा रोझेशियातून येतं आणि आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसालाही होतं. दारूने रोझेशिया भडकू शकतो, पण नुसत्या नाकावरून कोणाच्या सवयीवर शिक्का मारणं साफ चुकीचं आहे. अशा निर्व्यसनी पेशंटना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मी ऐकते, म्हणून जरा तळमळीने लिहिलं.

मला गालांपेक्षा जास्त काळजी दुसऱ्या खुणांची वाटते, कारण त्या लिव्हरकडे बोट दाखवतात. भावाची मान, छातीचा वरचा भाग आणि खांदे नीट बघा. मध्ये एक लाल ठिपका आणि त्यातून चहूबाजूंना पाय फुटल्यासारख्या रेषा, असं काही आहे का? पेनाच्या बोथट टोकाने मधला ठिपका दाबा. सगळे पाय फिके पडतील. टोक उचललं की रक्त मध्यातून बाहेर पसरत परत भरेल. याला स्पायडर नीव्हस म्हणतात. एखाददुसरा निरोगी माणसातही असतो, गरोदरपणातही येतात. पण पुरुषाच्या अंगावर असे पाच-सहा सापडले, तर लिव्हर इस्ट्रोजेन (पुरुषांतही थोडं असणारं स्त्री-संप्रेरक) नीट मोडत नसावं अशी शंका मी घेते. मग तळहात बघते: अंगठ्याच्या आणि करंगळीच्या खालचे उंचवटे लाल आणि मधला भाग फिकट आहे का? सावळ्या रंगावर गालांची लाली लपून जाते, म्हणून तळहात आणि डोळे जास्त कामाचे. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली पिवळेपणा हमखास निसटतो.

एक गोष्ट घरच्यांच्या नजरेतून सुटते. काही जणांच्या जबड्याच्या कोपऱ्यात, कानाखाली, दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी फुगतात. दुखत नाहीत, त्यामुळे नातेवाईक म्हणतात, "तब्येत सुधारली बरं का!" त्याच वेळी कानशिलं मात्र खोल गेलेली असतात आणि दंड बारीक झालेले असतात, कारण स्नायू झिजत चाललेत. गाल भरलेले आणि कानशिलं बसलेली, ही जोडी दिसली की मी चेहऱ्याचं बोलणं थांबवून फिजिशियनकडे पाठवते.

बाकीचं थोडक्यात. सोरायसिस असेल तर दारूने चिघळतो. जेवण कमी आणि पिणं जास्त झालं की ब जीवनसत्त्वं घटतात, ओठांचे कोपरे चिरतात. किरकोळ धक्क्याने निळे डाग उठत असतील तर रक्त गोठण्यात गडबड असू शकते. सुरकुत्यांबद्दल विचाराल तर २०१९ साली चार देशांतल्या तीन हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. आठवड्याला आठ किंवा अधिक ड्रिंक्स घेणाऱ्यांमध्ये डोळ्यांखालची सूज, कपाळावरच्या रेषा, गालांचा भरीवपणा कमी होणं आणि ठळक रक्तवाहिन्या जास्त आढळल्या. मात्र त्यात स्त्रियांनी स्वतःच आरशात बघून गुण दिले होते, त्यामुळे त्या आकड्यांना मी फार चिकटून बसत नाही.

तर, सोडल्यावर काय होतं? बरंच सुधारतं. सूज सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, निस्तेजपणा पुढच्या काही आठवड्यांत कमी होतो. ग्रंथींना महिने लागतात. लिव्हर सावरलं तर स्पायडरही फिके पडू शकतात.

पण हे वाचून भावाला 'उद्यापासून एकदम बंद' असं करायला लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर काही तासांत हात थरथरणं, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, बडबड, जिवावर बेतेल अशी अवस्था येऊ शकते. आधी फिजिशियन किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ते हा त्रास आवरणाऱ्या गोळ्या देऊन त्यांचा डोस हळूहळू कमी करत आणि थायामिन (ब१ जीवनसत्त्व) देत पिणं सुरक्षितपणे थांबवतात. त्याच भेटीत लिव्हर फंक्शन टेस्ट, रक्ताची पूर्ण तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. डोळे पिवळे, रक्ताची उलटी, काळी शी किंवा पोट फुगलेलं असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या.

गालांवरच्या रुंदावलेल्या रेषा आपोआप जाणार नाहीत. त्या लेसरने बऱ्याच कमी होतात, पण त्याची चौकशी पिणं सुटून काही महिने गेल्यावर करा. चालू असताना लेसर केलं तर जिरवलेल्या रेषांच्या शेजारी नव्या येत राहतात आणि पैसे वाया जातात. तोपर्यंत साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरे.