सोलापुरात ट्री फर्न लावायचाय तर आधी हे वाच
भावा, हौस चांगलीय तुझी, पण हे झाड म्हणजे उंच खोडाचं नेचं, ढगातल्या डोंगरांचं, तिथं धुक्यानं खोड कायम ओलं राहतं आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 43 च्या पुढं, हवा कोरडी ठणठणीत. म्हणून पाणी नुसतं बुडाशी ओतू नको, खोडावर वरून दे, कारण ते जाड खोड म्हणजे बाहेरून बरंचसं मुळांचंच जाळं असतं, ते वाळलं की शेंडा धोक्यात, आणि बहुतेक जातींना शेंडा एकच असतो, तो गेला की झाडच गेलं. बोअरचं क्षाराचं पाणी टाळ, पावसाचं साठव. उघडी गच्ची तर नकोच. ट्री फर्नच्या कूपेरी जातीपासून सुरू कर, डिक्सोनिया हा दुसरा प्रकार, त्याला थंडावा लागतो. जंगलातून उपटलेलं मात्र कुणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नको प्लीज, नर्सरीत बीजाणूंपासून वाढवलेलंच माग.