जाळ्याचा आस (भोकाचा आकार) वाढवला की पापलेटची पिल्लं वाचतील का?

थोडीफार वाचतील, सगळी नाही. ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) खोळ्याला, म्हणजे मासळी साठते त्या शेवटच्या भागाला, 40 मिमी चौकोनी आस लावायचा तो एवढ्यासाठी की शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताण बसला की मिटतो आणि खोळा पिशवीसारखा बंद होतो. चौकोनी आस उघडा राहतो. पण पापलेट अंगाने रुंद. बारक्या कोळंबीला वाट मिळते तिथे त्याचं पिल्लू अडकतं.

डोल जाळ्याला (प्रवाहात एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला) तर हा उपाय लागूच पडत नाही. जवळा आणि बोंबील पकडायचे म्हणजे आस बारीकच हवा, आणि त्यातच पिल्लं येतात. तिथे पिल्लं दिसली की ती जागा काही दिवस सोडणं, हाच खरा नियम.

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींना किमान आकार ठरवून दिला, पापलेटला 135 मिमी. मात्र नुसती नाखव्याची बोट तपासली, तर लहान मासळी मेलेलीच समुद्रात फेकली जाते. नोंदीत येत नाही, वाचतही नाही. म्हणून तपासणी बंदरावरच्या लिलावात, घेणाऱ्या व्यापाऱ्याचीही हवी. गिऱ्हाईकच नसेल तर त्या जागी जाळं कोण टाकेल?

1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीवर विसंबू नका. ऑगस्टमध्ये सगळ्या बोटी एकदम उतरतात. बोटींची संख्या आणि इंजिनाची ताकद बांधली नाही तर वाचलेलं तेव्हाच उपसलं जातं.