‘प्रोटेस्टंट’ : निषेध की नोंदवलेली हरकत?

प्रश्न असा आहे : ‘प्रोटेस्टंट’ म्हणजे पोपचा निषेध करणारे, असं शाळेत शिकवतात. मग या पंथाच्या अग्रभागी राजेच कसे? आणि इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला प्रोटेस्टंट म्हणावं का?

गोंधळ ‘निषेध’ या शब्दाने होतो. निषेध म्हटलं की मोर्चा आणि घोषणा डोळ्यांपुढे येतात. मूळ लॅटिन ‘प्रोतेस्तारी’ म्हणजे चारचौघांत साक्ष देणं, जाहीर सांगणं. कायद्याच्या व्यवहारात त्याला ‘रीतसर हरकत नोंदवणं’ हा अर्थ आला. वचनचिठ्ठीचे पैसे मिळाले नाहीत की नोटरी तसा दाखला देतो. आपल्या 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये त्या दाखल्याचं नाव ‘प्रोटेस्ट’च आहे.

आता जर्मनीतल्या श्पायर गावी चला. 1526 साली तिथे पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत एकमताने ठरलं, की देवाला आणि सम्राटाला जाब देता येईल असं प्रत्येक राजाने आपल्या मुलखात वागावं. पोपला आव्हान देणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्याकडे झुकलेल्या राजांनी याच्याच आधारावर आपापल्या मुलखातली चर्चं सुधारायला घेतली. 1529 साली तिथेच पुन्हा सभा भरली. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या वतीने त्याचा भाऊ फर्डिनांड हजर होता आणि जुना ठराव बहुमताने रद्द झाला. तेव्हा सॅक्सनीचा योहान, हेसचा फिलिप वगैरे सहा राजांनी आणि 14 शहरांनी लेखी हरकत घेतली. म्हणणं असं : एकमताचा ठराव नुसत्या बहुमताने मोडता येत नाही, आणि देवाचा मान व आत्म्याचं तारण यांत तर बहुमत चालतच नाही, तिथे ज्याचा त्याने देवापुढे जाब द्यायचा. ‘प्रोटेस्टंट’ हे नाव या कागदावरून पडलं. लूथर त्या सभेत नव्हताच, आणि त्याचे लोक स्वतःला ‘शुभवर्तमानाचे’, म्हणजे येशूच्या संदेशाचे, म्हणवत. जर्मनीत आजही तोच शब्द रूढ आहे.

यात राजांचा फायदा होता, हे खरंच. मठांच्या जमिनी आणि चर्चमधल्या नेमणुका त्यांच्या हाती आल्या. पण सगळं लोभापायी झालं, हे मला पटत नाही. त्याच फिलिपला पुढे 1547 ते 1552 सम्राटाच्या कैदेत राहावं लागलं.

हेन्रीची गोष्ट निराळी. लूथरविरुद्ध लिहिल्याबद्दल 1521 साली पोपनेच त्याला ‘धर्मरक्षक’ किताब दिला होता. 1534 साली तो स्वतः इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला, पण त्याची शिकवण बरीचशी जुनीच राहिली. 30 जुलै 1540 रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये तीन सुधारकांना पाखंडी म्हणून जाळलं आणि पोपला मानणाऱ्या तिघांना राजद्रोही म्हणून फाशी दिलं, दोन्ही एकाच दिवशी. म्हणून हेन्रीला ‘पोपशी फारकत घेतलेला राजा’ म्हणावं. ‘प्रोटेस्टंट राजा’ हे शब्द त्याच्या मुलाला, सहाव्या एडवर्डला लागू पडतात. 1549 साली चर्चमधली उपासना इंग्रजीत आली ती त्याच्याच कारकिर्दीत.