त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मध्यमवर्गीय वस्ती कुठे वाढली?

आधी पश्चिमेला, वुडब्रुकमध्ये. ही मुळात उसाची इस्टेट. अँगोस्टुरा बिटर्स (कॉकटेलमध्ये थेंबभर घालायचा कडू अर्क) बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाने ती घेतली आणि १९११ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांना विकली. कार्लोस, लुईस, अल्फ्रेडो, आना हे तिथले रस्ते म्हणजे त्याच घरातली मंडळी! नोकरदारांची इथली जुनी घरं छोटी, पुढे व्हरांडा आणि छपराला नक्षीदार लाकडी झालर. आता एरिआपिटा ॲव्हेन्यूवर बार, हॉटेलं, ऑफिसं यांचीच गर्दी.

लागूनच सेंट जेम्स. तिथे गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर वसले, म्हणून दिल्ली, मद्रास, लखनौ, कलकत्ता या नावांचे रस्ते सापडतात. पुढचा मध्यमवर्ग डिएगो मार्टिनच्या खोऱ्यात सरकला. जागा ऐसपैस मिळाली खरी, पण सकाळी शहरात यायचं तर ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला येतो.