विहिरीत तीन प्रकारचे खडक?

प्रश्न: साक्रीकडे शेतात विहीर खोदताना आधी मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण लागला, मांजऱ्यात पांढऱ्या गारगोट्या पण निघाल्या. हे वेगवेगळे खडक का भाऊ?

उत्तर: नाही हो दादा, सगळा बसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला अग्निजन्य खडक. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा थरावर थर पसरला, थराच्या वरच्या भागात गॅसचे बुडबुडे अडकून भोकं राहिली आणि पुढे पाण्यातून त्यात झिओलाइट, क्वार्ट्झ ही खनिजं जमली, त्याच पांढऱ्या गारगोट्या; हा भोकांचा भाग म्हणजे तुमचा मांजऱ्या. पाषाण म्हणजे थराचा मधला घट्ट भाग, मुरूम ही त्याचीच झीज. गाळाचा खडक वेगळा, तापीकाठचा गाळ दबून घट्ट झाला तर तो बनेल. रूपांतरित म्हणजे उष्णता-दाबाने बदललेला, चुनखडकाचा संगमरवर होतो तसा, तो मात्र साक्रीत शोधत बसू नका! त्यापेक्षा धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारखे उभे डाइक आहेत ते बघा, भेगांतच थिजलेला लाव्हा तो.